हे कोणी पाहिले?

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आपल्या शाळेला साठ वर्षे पूर्ण झाली. अशा प्रसंगी मुख्याध्यापिकेने शाळेच्या यशाचा आलेख मांडावा, अशी रीत आहे. तो आलेख अहवालात छापला आहे आणि तो आपण सवडीने वाचालच. आज मला एका प्रश्नाविषयी बोलायचे आहे. दरवर्षी जून महिन्यात प्रवेशाचा अर्ज हातात घेऊन माझ्यासमोर बसलेले पालक तो विचारतात. कोणी स्पष्ट विचारतात, कोणी संकोचाने. "बाई, मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाच्या इंग्रजीचे पुढे काय होते?"

बडोद्यात हा प्रश्न अधिक बोचतो. आपली मुले घरात मराठी बोलतात, दारातून बाहेर पडली की गुजराती बोलतात आणि महाविद्यालयाची पायरी चढली की त्यांच्यापुढे इंग्रजी उभी राहते. महाराष्ट्रात मराठी शाळेत मूल घालणाऱ्या पालकाच्या पाठीशी निदान सभोवतालची भाषा असते. इथे तीही नाही. इथे मराठी शाळा निवडणे हा जाणूनबुजून घेतलेला निर्णय असतो आणि म्हणूनच त्याची धास्तीही मोठी असते.

या प्रश्नाला मी वर्षानुवर्षे एकच ठरलेले उत्तर देत आले. मातृभाषेतून विचार पक्का झाला की दुसरी भाषा आपोआप येते, असे मी सांगत असे. हे उत्तर खोटे नव्हते, परंतु त्यातील 'आपोआप' हा शब्द खोटा होता. तो खोटा आहे हे मला आपल्याच शाळेच्या एका विद्यार्थिनीने शिकवले. तिची हकिकत मी आज तिच्या परवानगीने सांगत आहे. नाव सांगू नये एवढीच तिची अट आहे.

ही मुलगी दांडिया बाजाराच्या मागच्या एका जुन्या वाड्यात राहणारी. वडील छापखान्यात कामाला आणि आई घरी पोळी-भाजीचे डबे करणारी. मुलगी हुशार आणि वाचनाची विलक्षण भूक असलेली. आंतरशालेय निबंध स्पर्धेत तिने तीन वर्षे शाळेला ढाल मिळवून दिली. इंग्रजीतही तिला उत्तम गुण मिळत. बारावीनंतर तिने इंग्रजी साहित्य हा विषय घेऊन पदवीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत आम्ही पेढे वाटले होते.

दीड महिन्याने ती माझ्या खोलीत आली ती रडवेल्या चेहऱ्याने. तिच्या हातात पहिला निबंध होता. तिच्या अभ्यासक्रमात दर पंधरा दिवसांनी एक निबंध लिहावा लागे, प्राध्यापक तो तपासून परत करीत आणि सुधारून पुन्हा लिहिल्याशिवाय त्याचे गुण नोंदवले जात नसत. पहिला विषय होता, 'तुम्हाला नीट माहीत असलेली एक जागा'. तिने विश्वामित्री नदी निवडली होती. निबंधाची सुरुवात, निसर्ग ही मानवाची माता आहे, अशा अर्थाच्या वाक्याने होती. पुढे नदीचे मंजुळ गाणे होते, चांदीसारखे पाणी होते, किनाऱ्यावरची हिरवी वनराई होती. प्राध्यापकांनी पूर्ण पानावर एकही चूक दुरुस्त केलेली नव्हती. समासात फक्त तीन शब्द लिहिले होते, 'हू सॉ धिस?' हे कोणी पाहिले?

आपण सारे बडोदेकर आहोत. आपली विश्वामित्री उन्हाळ्यात कशी दिसते, तिच्या पाण्याचा रंग काय असतो आणि शहराच्या मधोमध तिच्या काठावर मगरी ऊन खात कशा पडलेल्या असतात, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या निबंधात मगर नव्हती. ती नदी गंगा असती, गोदावरी असती, तरी चालले असते.

तो निबंध वाचून मला प्राध्यापकांचा राग आला. मी तिला म्हटले, "अगं, एवढ्या कडक ठिकाणी राहायचेच कशाला? अजून मुदत आहे, विषय बदलून घे." आज साठ वर्षांच्या या व्यासपीठावरून मी कबूल करते, की माझ्या शिक्षकी आयुष्यातील हा सर्वांत चुकीचा सल्ला होता. सुदैवाने तिने तो ऐकला नाही.

ती गेल्यावर मला अस्वस्थ वाटू लागले, कारण ती वाक्ये मला ओळखीची वाटली होती. मी कपाट उघडले. नववी-दहावीच्या इंग्रजीच्या टिपणांच्या गठ्ठ्यात 'अवर रिव्हर' हा निबंध सापडला. अक्षर माझे होते. मी तो फळ्यावर लिहून देत असे, मुले उतरवून घेत, पाठ करीत आणि परीक्षेत उतरवीत. मंजुळ गाणे माझे होते, चांदीसारखे पाणी माझे होते. अकरा तुकड्यांनी ते पाठ केले होते आणि अकराही वर्षे त्याला चांगले गुण मिळाले होते. 'हे कोणी पाहिले?' हा प्रश्न तिला नव्हे, मला विचारलेला होता.

पदवी हाती आल्यावर ती मुलगी एक कापडी पिशवी घेऊन माझ्याकडे आली. तीत तिचे तीन वर्षांचे सगळे निबंध होते, प्रत्येकाचे दोन-तीन खर्डे, लाल शाईसकट. "बाई, तुम्ही हे वाचा," एवढेच ती म्हणाली. दिवाळीच्या सुट्टीत मी ते क्रमाने वाचले. एक लेखिका कशी घडते हे मला त्या पिशवीत दिसले. त्यातील तीन टप्पे मी आपल्यासमोर ठेवते.

पहिला टप्पा वाक्याचा. पहिल्या वर्षी ती आधी मराठीत लिहून मग इंग्रजीत आणत असे. आईवरच्या निबंधात तिचे मूळ वाक्य असे होते: 'आई पहाटे चारला उठून, कणीक भिजवून, भाज्या चिरून, पोळ्या लाटून साडेआठला डबे भरते.' मराठीत हे वाक्य अगदी सरळ आहे. आपल्या भाषेतील हे 'ऊन' प्रत्ययाचे रूप कामांची माळ सहज ओवते. तिने इंग्रजीत चार वेळा 'हॅविंग' लिहून तीच माळ ओवली. प्राध्यापकांनी चारही 'हॅविंग'भोवती वर्तुळे काढून लिहिले, "ही चार कामे आहेत. चार वाक्ये करा."

तिने वाक्ये तोडली. आई चारला उठते. कणीक भिजवते. इथे तिची लेखणी थांबली असावी, कारण दुसऱ्या खर्ड्यात एक नवीन वाक्य आले. भिजवलेली कणीक मुरेपर्यंत आई खिडकीपाशी बसून चहा पिते आणि दिवसभरात तेवढीच दहा मिनिटे तिची स्वतःची असतात. पालकहो, ही दहा मिनिटे पहिल्या वाक्यात 'भिजवून' आणि 'चिरून' यांच्या मधे दडून बसली होती. मुलगी ती रोज पाहत होती, पण वाक्य तोडावे लागेपर्यंत ती तिला लिहावीशी वाटली नव्हती.

'अ' आणि 'द' या चिमुकल्या शब्दांचेही तसेच. मराठीत त्यांना नेमका प्रतिशब्द नाही, म्हणून आपली मुले ते अंदाजाने पेरतात. पहिल्या सहा निबंधांत त्यांच्या किमान शंभर चुका असतील. सातव्या निबंधाच्या मागे तिने स्वतःसाठी पेन्सिलीने टिपून ठेवले होते: 'वाचकाला ही वस्तू आधीपासून माहीत आहे का, हे प्रत्येक नामापाशी स्वतःला विचारायचे.' मी पंचवीस वर्षे उपपदांचे नियम शिकवले, पण हा प्रश्न मी कधी शिकवला नव्हता. व्याकरणाचा नियम म्हणजे वाचकाविषयीची काळजी आहे, हे तिचे तिने शोधले.

दुसरा टप्पा पुराव्याचा. दुसऱ्या वर्षी आर. के. नारायण यांच्या 'द गाइड' या १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर तिला लिहायचे होते. पहिल्या खर्ड्यात ती कादंबरी 'महान' होती, भाषा 'ओघवती' होती आणि स्वभावचित्रण 'हृदयस्पर्शी' होते. प्रत्येक विशेषणाखाली लाल रेघ आणि शेजारी एकच शब्द, 'कुठे?' म्हणजे, कोणत्या पानावर?

शोधायला गेल्यावर अर्धी विशेषणे गळून पडली, कारण त्यांना पान सापडेना. तिसऱ्या खर्ड्यात जे उरले ते असे: राजू वाटाड्या असताना प्रवाशांना जे ऐकायचे असते ते सांगतो, आणि पुढे साधू मानला गेल्यावर गावकऱ्यांनाही तेच करतो. म्हणजे वेष पालटतो, सवय तीच राहते. या विधानाच्या आधारासाठी तिने दोन्ही काळांतील प्रसंग शेजारी शेजारी मांडले होते. हे मत कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. पण ते तिचे आहे आणि त्याच्याशी वाद घालता येतो. 'हृदयस्पर्शी' या शब्दाशी कोणाला वादही घालता येत नाही.

तिसरा टप्पा पुन्हा नदीचा. शेवटच्या वर्षी मोठा निबंध स्वतःच्या पसंतीच्या विषयावर लिहायचा होता. तिने पुन्हा विश्वामित्रीच निवडली. या वेळी ती वही घेऊन नदीवर गेली. काठावर राहणाऱ्यांशी गुजरातीत बोलली, जुन्या वाड्यांतील वृद्धांकडून पुराच्या आठवणी मराठीत ऐकल्या आणि लिहिले इंग्रजीत. निबंधाच्या सुरुवातीचा आशय मी मराठीत सांगते. पुलावर उभी राहून ती पाऊण तास पाहत होती. अर्धा तास तिला काठावर लाकडाचा एक ओंडका दिसत होता. मग त्या ओंडक्याने डोळे मिटले. समासात या वेळी प्राध्यापकांनी काहीही विचारले नव्हते. हे कोणी पाहिले ते स्पष्ट होते.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, म्हणजे ही कथा परीकथा वाटणार नाही. ती मुलगी विद्यापीठात पहिली आली नाही. पहिल्या वर्षीच्या कमी गुणांमुळे तिचा प्रथम वर्ग थोडक्यात हुकला. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मैत्रिणी बोलण्यात शेवटपर्यंत तिच्यापुढेच राहिल्या. पहिल्या वर्षी दोनदा तिने अभ्यासक्रम सोडायचे ठरवले होते, हे तिने मला नंतर सांगितले. आज ती एका सामाजिक संस्थेत अहवाल लिहिण्याचे काम करते. तिचे अहवाल वाचणाऱ्याला कळतात, एवढेच तिचे यश आहे आणि ते मला थोडे वाटत नाही.

परंतु मला खरा धक्का बसला तो वेगळ्याच ठिकाणी. तिसऱ्या वर्षी तिने आपल्या शाळेच्या हस्तलिखितासाठी मराठी लेख पाठवला होता. तो मी तिच्या दहावीच्या पारितोषिकप्राप्त निबंधाशेजारी ठेवून वाचला. दहावीचा निबंध अलंकारांनी लवलेला होता. नव्या लेखात अलंकार थोडे आणि माणसे अधिक होती. इंग्रजीच्या कठोर तालमीने तिची मराठी सुधारली होती! आणि याचा दुसरा अर्थ मला टाळता येईना. जी तालीम तिला अठराव्या वर्षी परभाषेत मिळाली, ती आम्ही तिला बाराव्या वर्षी मातृभाषेत देऊ शकलो असतो. आम्ही तिला भाषेचे प्रेम दिले, ऐकण्याचा कान दिला, भरपूर पुस्तके दिली. पण एकच गोष्ट दुसऱ्यांदा लिही, असे दहा वर्षांत तिला आमच्यापैकी कोणीही म्हटले नाही.

पुन्हा लिहायला लावणे हा आपल्याला अपमान वाटतो. या शहराच्या इतिहासाशी जोडलेले एक उदाहरण इथे आठवते. महाराज सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. शिकून परतल्यावर १९१७ मध्ये याच बडोद्याने त्यांना राहायला जागा नाकारली, हेही आपण विसरता कामा नये. पुढे लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी प्रबंध सादर केला, तेव्हा परीक्षकांनी तो फेरफार करून पुन्हा आणण्यास सांगितले. तोवर कोलंबियाची पदवी परीक्षा कधीच मागे पडलेल्या या विद्वानाने मुंबईत बसून प्रबंध नव्याने लिहिला आणि १९२३ मध्येच तो मान्य झाला. एवढ्या मोठ्या बुद्धिमत्तेला जे करावे लागले, ते आपल्या नववीतल्या मुलाला करावे लागले तर त्यात कमीपणा कसला?

इंग्रजीपासून शिकल्याने मराठी बाटते, असेही कोणी समजू नये. ज्या विरामचिन्हांवाचून आज आपले एक वाक्यही पुरे होत नाही, ती मराठीत रुळवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील मेजर कँडी या इंग्रजाकडे जाते. १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू करून मराठी निबंधाला रूप देणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर इंग्रजी निबंधकारांचे निष्ठावंत वाचक होते. त्यांनी इंग्रजीकडून शिस्त घेतली आणि ती मराठीच्या कामी लावली.

या साऱ्यानंतर आम्ही शाळेत काय केले, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. चार वर्षांपूर्वी फळ्यावर निबंध लिहून देणे आम्ही बंद केले. सातवीपासून प्रत्येक विद्यार्थ्याला 'पुनर्लेखनाची वही' दिली. महिन्याला एकच विषय, मराठीत आणि इंग्रजीत आळीपाळीने, आणि तोच निबंध तीनदा लिहायचा. पहिल्या खर्ड्यावर शिक्षकांनी दुरुस्त्या करायच्या नाहीत, फक्त प्रश्न विचारायचे: कोणी पाहिले? कुठे? म्हणजे काय?

पहिल्या वर्षी निबंधाचे गुण उतरले. काही पालक तक्रार घेऊन आले आणि त्यांची तक्रार गैर नव्हती. पाठ केलेल्या निबंधाला परीक्षेत आजही गुण मिळतात, आणि मुलांना त्या परीक्षेला बसायचे आहे. एका वडिलांनी मला विचारले, "बाई, तुमच्या प्रयोगाचा खर्च माझ्या मुलाने का सोसावा?" त्यांना पटेल असे उत्तर माझ्याजवळ त्या दिवशी नव्हते. मी त्यांना मुलाची वही दाखवली. पहिल्या खर्ड्यात 'माझे आजोबा प्रेमळ आहेत' असे होते. तिसऱ्या खर्ड्यात आजोबा नातवाची सायकल पुसताना आपल्या तरुणपणच्या सायकलचा क्रमांक अजूनही बरोबर सांगतात, असे होते. वडील बराच वेळ वही वाचत बसले. मुलाला त्यांनी शाळेतून काढले नाही, एवढेच मी सांगू शकते.

तेव्हा जून महिन्यातील त्या प्रश्नाचे माझे आजचे उत्तर असे आहे. मराठी माध्यमातील मुलाचे इंग्रजी आपोआप येत नाही. त्याला कष्ट पडतात आणि पहिले वर्ष जड जाते. परंतु ज्या मुलाला स्वतः पाहिलेले स्वतःच्या भाषेत लिहिण्याची आणि लिहिलेले पुन्हा पाहण्याची सवय लागली आहे, ते मूल हे कष्ट निभावून नेते. आणि ज्याला ही सवय नाही, त्याला कोणतेही माध्यम वाचवत नाही. म्हणून पालकहो, शाळा निवडताना माध्यम अवश्य विचारा. पण त्याबरोबर हेही विचारा, की इथे माझे मूल एक निबंध किती वेळा लिहील आणि तो कोण वाचेल?

'कोण वाचेल' या शब्दांपाशी मी माजी विद्यार्थ्यांकडे वळते. हीरक महोत्सवासाठी आपण सढळ हाताने देणग्या दिल्या, त्याबद्दल शाळा ऋणी आहे. आज मी आणखी काही मागते. एका वर्गात तीस मुले धरली, तर तीन खर्ड्यांचे महिन्याला नव्वद निबंध होतात आणि आमच्या भाषाशिक्षकांकडे असे चार-चार वर्ग आहेत. प्रत्येक खर्डा मन लावून वाचणे त्यांच्या आवाक्याबाहेर आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने फक्त एका मुलाची वही वाचायची जबाबदारी घ्यावी. महिन्यातून एक तास पुरेल. व्याकरणाची चिंता करू नका, ते आम्ही पाहू. आपण दूर गावी असाल, तर वहीच्या पानांचे छायाचित्र मोबाइलवर पाठवण्याची व्यवस्था आम्ही करू. आपण फक्त खरोखर वाचावे आणि जिथे काही दिसले नाही तिथे समासात विचारावे, 'हे कोणी पाहिले?'

नावनोंदणीची वही दारापाशी ठेवली आहे. तिच्यात पहिले नाव आधीच लिहिलेले आहे. ते त्या कापडी पिशवीच्या मालकिणीचे आहे. तिने सातवीतला एक मुलगा मागून घेतला आहे. त्याचा पहिला निबंध 'आपली नदी' याच विषयावर आहे आणि त्यात, मला सांगायला आनंद वाटतो, मगर आहे.